मेमरी कार्डातली गाणी आणि पुसलेलं नाव: पायरसीत नेमकं कोणाचं काय जातं?

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. राहिले असतील ते सोडून द्या.)



मागच्या भागात गाण्याची ॲपं पैसे कसे वाटतात हे आपण बघितलं. त्यावर मेहकरकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. भाऊ म्हणतो, "तुमी पुण्यात बसून पायरसी वाईट म्हणता. पण आमच्याकडच्या गायकाची सीडी कोन्या दुकानात भेटत होती? मेमरी कार्डात होता म्हणून तर तो आमाले माईत झाला. मंग त्याचं नुकसान काहून?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि याचं उत्तर द्यायला मी बहुतेक योग्य माणूस आहे, कारण ती कार्डं भरणाऱ्यांपैकी मी एक होतो.

२०१३ चा उन्हाळा. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. चिखलीच्या बसस्टँडजवळ एका मोबाईलच्या दुकानात मी बसायला लागलो. दुकानाबाहेर पाटी होती, "गाणे भरून मिळतील". दोन जीबीचं कार्ड भरायचे वीस रुपये, चार जीबीचे तीस. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेली माणसं कार्ड द्यायची, भाजीपाला घ्यायला जायची आणि परतताना भरलेलं कार्ड घेऊन एसटी पकडायची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोल्डर होते: नवीन हिंदी, लग्नाचे डीजे, गजानन महाराज, सैलानी बाबा कव्वाली, भीमगीते. गिऱ्हाईक फोल्डर सांगायचं, मी कॉपी-पेस्ट करायचो. दिवसाला साठ-सत्तर कार्डं सहज.

त्या भीमगीतांच्या फोल्डरमध्ये आठ गाणी माझ्या मामाची होती.

मामांनी त्याच्या आदल्या वर्षी अल्बम केला होता. अकोल्याच्या एका स्टुडिओत तीन दिवस रेकॉर्डिंग, वादकांचे पैसे, गाडीभाडं, सगळं मिळून अडतीस हजार. त्यातले वीस हजार मामांचे, सोयाबीनचे आलेले. बाकीचे एका छोट्या कॅसेट कंपनीनं घातले आणि हजार सीडी काढल्या. करार एक पानाचा. सगळे हक्क कंपनीकडे, मामांना दोनशे सीडी फुकट, विकून पैसे करा म्हणाले. सीडीची छापील किंमत चाळीस रुपये. दुकानदाराचं कमिशन, होलसेलवाल्याचं कमिशन, छपाई, पॅकिंग गेल्यावर कंपनीच्या हातात सतरा-अठरा रुपये पडायचे, असं मामा सांगतात. चौदा एप्रिलला बुलढाण्यात मिरवणुकीच्या रस्त्यावर आम्ही टेबल लावलं होतं. निळं कव्हर, मामांचा कोट घातलेला फोटो. त्या एका दिवसात साठेक सीडी गेल्या.

त्यातली एक आमच्या दुकानाच्या मालकानं घेतली. चाळीस रुपये रोख देऊन. पुढे ती हजारो कार्डांत गेली असेल.

आता इथे थांबून दोन गोष्टी वेगळ्या करू. पहिली गोष्ट म्हणजे विक्री. प्रत्येक कॉपी म्हणजे एक बुडालेली सीडी, हे गणित कंपन्या कोर्टात आणि पत्रकार परिषदेत मांडतात, पण ते खरं नाही. वीस रुपयांत चारशे गाणी भरणारा माणूस चाळीस रुपयांची एक सीडी घेणार होता का? त्याच्याकडे सीडी प्लेअर तरी होता का? यावर अर्थशास्त्रातसुद्धा मोठं भांडण झालेलं आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर आलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत जगभरातला रेकॉर्डिंगचा धंदा सुमारे २२ अब्ज डॉलरवरून १३-१४ अब्जांवर आला. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन संशोधकांनी २००७ मध्ये लिहिलं की फाईल शेअरिंगचा विक्रीवरचा परिणाम जवळजवळ शून्य आहे. लीबोविट्झ नावाच्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवलं आणि सांगितलं की घसरणीचं मुख्य कारण तेच आहे. बहुतेक अभ्यास नुकसान झालं असंच सांगतात, वाद किती झालं याचा आहे. मला स्वतःला "शून्य" पटत नाही. साठ सीडी एका दिवसात गेल्या होत्या, आणि कार्डं भरायला लागल्यावर पुढच्या अख्ख्या वर्षात चाळीस गेल्या. पण हजारो कार्डं म्हणजे हजारो सीडी बुडाल्या, हेही मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती कंपनीच्या धंद्याच्या आत दडलेली आहे. कॅसेट कंपनी, मग ती मोठी असो की एका खोलीतली, दहा अल्बम काढते तेव्हा त्यातले सात-आठ पडणार हे तिला माहीत असतं. एखादा चालतो आणि बाकीच्यांचा खर्च भरून काढतो. नवीन गायकाला संधी मिळते ती या चाललेल्या अल्बमच्या पैशातून. आता पायरसी करणारा काय कॉपी करतो? पडलेला अल्बम तो कधीच कॉपी करत नाही. त्याच्याकडे फक्त चाललेलंच भरलं जातं. स्टुडिओचा खर्च नाही, पडण्याची जोखीम नाही आणि नफा मात्र फक्त हिट गाण्यावर. म्हणजे कंपनी ज्या एका पायावर उभी असते, नेमका तोच पाय जातो. मोठ्या कंपनीकडे जुन्या गाण्यांचा साठा असतो, सिनेमे असतात, ती तग धरते. मामांच्या कंपनीनं पुढच्या वर्षी फोन उचलणं बंद केलं. दुसरा अल्बम झालाच नाही. त्याची गाणी लिहून तयार होती, वहीत आहेत अजून.

तर भाऊ, नुकसानाचा पहिला हप्ता हा: जे गाणं झालं त्याचं नाही, जे झालंच नाही त्याचं. आणि न झालेल्या गाण्याची चोरी झाली म्हणून तक्रार कुठे करणार?

हा धंदा आधीपासून असाच होता का? थोडं मागे जाऊ, आणि जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाऊ.

ना. घ. देशपांडे हे नाव किती जणांना माहीत आहे? सिंदखेडराजाला जन्म, मेहकरला वकिली, १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार "खूणगाठी" या संग्रहाला. त्यांची "शीळ" ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि एचएमव्हीनं तिची तबकडी काढली, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मला पत्ता नव्हता की हा कवी आपल्या मेहकरचा. गाणं ऐकलेलं होतं. गायकाचं नावही ऐकलेलं होतं.

त्या काळात गाण्याची चोरी जवळजवळ अशक्य होती. लाखेची तबकडी दाबायला कारखाना लागतो आणि तसा मोठा कारखाना एचएमव्हीचा, कोलकात्याजवळ डमडमला. घरी बसून कॉपी निघायची नाही. पण कॉपी होत नव्हती म्हणजे सगळ्यांना पैसे मिळत होते असं नाही. गीतकार आणि वादक यांना बऱ्याचदा एकदाच काय ते ठरलेले पैसे मिळायचे, पुढे तबकडी कितीही खपो. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायकाचं नाव ठसठशीत, कवीचं अनेकदा बारीक किंवा नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग कॅसेट आली. सत्तरचं दशक संपता संपता टेप घराघरात यायला लागले, आणि पहिल्यांदाच असं यंत्र आलं की जे गाणं वाजवतं आणि कॉपीही करतं. दोन डेकचा टेप आणि कोरी कॅसेट असली की झाला कारखाना. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन संगीत अभ्यासकानं भारतातल्या या सगळ्या प्रकारावर १९९३ मध्ये "कॅसेट कल्चर" नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यात एक गंमत अशी की कॅसेटनं एकाच वेळी दोन्ही गोष्टी केल्या. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, लोकगीतं, भजनं, कव्वाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बोलीतली गाणी पहिल्यांदा बाजारात आली, शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आणि त्याच कॅसेटनं नकली मालाचा महापूरही आणला. सरकारनं १९८४ मध्ये कॉपीराईट कायदा कडक केला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत नेली, कॅसेटवर मालकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं केलं.

याच काळात दिल्लीच्या दर्यागंजचे गुलशन कुमार आले. त्यांची टी-सीरिज कॅसेट स्वस्त होती आणि ती पानटपरीवर, किराणा दुकानातही मिळायची. कायद्यात तेव्हा एक पळवाट होती. मूळ मालकाला नोटीस आणि ठरावीक रॉयल्टी देऊन जुनं गाणं नव्या आवाजात रेकॉर्ड करता यायचं. रफींची गाणी सोनू निगमच्या आवाजात आली ती अशी. सुरुवातीच्या दिवसांत या कंपनीवर पायरसीचे आरोपही झाले. आणि आज तीच टी-सीरिज यूट्यूबवरच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या चॅनलांपैकी एक आहे, तुमच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचं गाणं वाजलं तर कॉपीराईटचा दावा ठोकते. यात मला ढोंग दिसत नाही. बाजूला उभं असताना भिंत अडचण वाटते, आत गेल्यावर तीच भिंत हवी असते. ती पळवाटही २०१२ मध्ये अरुंद झाली. आता मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबावं लागतं.

आता मामांच्या फाईलींकडे परत येऊ, कारण मी अजून अर्धंच सांगितलंय.

दुकानाच्या मालकाच्या डोक्यात एक दिवस कल्पना आली. म्हणाले, "तू कॉम्प्युटरमध्ये हुशार आहेस ना? मग प्रत्येक गाण्यावर आपल्या दुकानाचं नाव दिसलं पाहिजे." एमपीथ्री फाईलमध्ये आवाजाबरोबर एक छोटी जागा असते, तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष अशी माहिती त्यात लिहिलेली असते. फोनवर गाणं वाजताना खाली जे सरकत जातं ते तिथूनच येतं. मी इंटरनेटवर शोधून टॅग बदलायचं एक सॉफ्टवेअर उतरवलं आणि फाईलींची नावं बदलायला आठ-दहा ओळींची बॅच फाईल लिहिली. आयुष्यात लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम. रात्री चालू करून गेलो, सकाळी चार हजार गाण्यांच्या गायकाच्या रकान्यात एकच नाव होतं: दुकानाचं. पुढे मालकांचा मोबाईल नंबर. लता मंगेशकरांपासून मामांपर्यंत सगळे एका रात्रीत आमच्या दुकानाचे गायक झाले. मला फार अभिमान वाटला होता. मालकांनी समोसा खाऊ घातला.

लताबाईंना काय फरक पडणार होता? त्यांचा आवाज भारतात कोण ओळखत नाही! फरक मामांना पडला.

मामांसारख्या गायकाचं पोट सीडीवर कधीच नव्हतं. ते चालतं कार्यक्रमाच्या सुपारीवर. जयंतीचा महिना, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावासाचे कार्यक्रम, गावागावांतली मंडळं. एका रात्रीचे पंधरा-वीस हजार, त्यातून ढोलकीवाला, कीबोर्डवाला, कोरस, गाडी. सीडीचं काम असतं मंडळाच्या पोरांपर्यंत नाव पोचवायचं. सीडीच्या कव्हरवर मागच्या बाजूला मामांचा नंबर छापला होता, तो त्याचसाठी. मी काय केलं, तो नंबर काढून दुसरा टाकला.

२०१४ च्या जयंतीआधी लोणारकडच्या एका मंडळाच्या पोरांनी फोनवर दिसणाऱ्या नंबरला फोन लावला, "ही गाणी म्हणणारी पार्टी पाहिजे". मालकांनी "हो, आहे ना" म्हणत ओळखीतल्या दुसऱ्याच गायन पार्टीला ती सुपारी मिळवून दिली आणि मधले पैसे घेतले. त्या पार्टीनं स्टेजवर मामांची दोन गाणी म्हटली. हे मामांना कळलं ते ढोलकीवाल्याकडून, कारण तो दोन्हीकडे वाजवायचा. असं एकदाच झालं की जास्त वेळा, हे कळायला मार्ग नाही. मामा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "आपलं गाणं तिकडं पोचलं, आपण नाई पोचलो." त्या टॅगमागे कोण होतं, हे मी त्यांना सांगितलं २०२१ मध्ये. ते कसं, सांगतो पुढे.

दुसऱ्याच्या रचनेवर आपलं नाव चिकटवायची कला काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. प्रभातचा १९३६ चा "संत तुकाराम" बघा. त्यातला सालोमालो काय करतो? तुकोबांचे अभंग घेतो, "तुका म्हणे"च्या जागी स्वतःचं नाव घालतो आणि कीर्तनात म्हणतो. टॅग एडिटिंगच ते! फरक इतकाच की त्याला प्रत्येक अभंगात हातानं बदल करावा लागत होता आणि चाल मोडली की लोक हसायचे. नाव गाण्याच्या आत, मात्रेत बसवलेलं असलं की ते काढायला मेहनत पडते. वामनदादा कर्डकांनीही हेच केलं. हजारो गाणी लिहिली आणि शेवटच्या कडव्यात "वामन" गुंफला. आमच्या घरी आजीला वाचता येत नव्हतं, पण कोणतं गाणं वामनदादांचं हे ती शेवटच्या कडव्यावरून सांगायची. वामनदादांची गाणी गावोगाव असंख्य पार्ट्यांनी म्हटली, त्यातून त्यांच्या हातात किती आलं असेल ते सोडा, पण नाव सुटलं नाही. माझ्या बॅच फाईलला ते पुसता आलं नसतं. गायकाकडे अशी सोय नसते. त्याचं नाव गाण्याच्या बाहेर, कव्हरवर असतं, आणि कव्हर सगळ्यात आधी फेकलं जातं.

म्हणून मेहकरच्या भावाला माझं उत्तर: कार्डामुळे गायक माहीत झाला, हे खरं असू शकतं. मामांना वाशिम आणि हिंगोलीकडून दोन-तीन बोलावणी आली, तिथे एकही सीडी गेली नव्हती. कोणीतरी जुन्या टॅगसकट कॉपी केली असणार. पायरसीनं जाहिरात होते, पण नाव चिकटून राहिलं तरच. नाव गेलं की ती दुसऱ्याची जाहिरात.

मोठ्या लोकांचं उदाहरण घ्या. २०१६ चा "सैराट". थिएटरात चालू असतानाच पिक्चर मोबाईलमध्ये फिरत होता, गाणी तर त्याआधीच कार्डांत गेली होती. त्या संगीताचा काही भाग अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसला मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केला होता, म्हणजे खर्च किती असेल विचार करा. तरी पिक्चरनं शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. निर्मात्यांचं आणि संगीत कंपनीचं नुकसान नक्की झालं, पण अजय-अतुल यांचं नाव त्या प्रत्येक चोरीच्या कॉपीबरोबर पुढेच गेलं. त्यांच्यासाठी पायरसी म्हणजे मिळकतीतला कापलेला हिस्सा. मामांसाठी ती मिळकतच दुसऱ्याच्या नावावर.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे एमपीडीएमध्ये, २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सनाही घातलं गेलं. ऐकायला जबरदस्त, पण त्याचा उपयोग झाला तर सिनेमावाल्यांना. चिखलीच्या बसस्टँडवर कोणी आलं नाही. संगीत कंपन्यांच्या संघटनेनं अशा दुकानांसाठी पैसे भरून परवाना घ्यायची योजनाही काढली होती. आमच्या मालकांना ती माहीत असती तरी त्यांनी ती घेतली असती असं वाटत नाही.

खरी महत्त्वाची दुरुस्ती २०१२ ची. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी त्यासाठी बराच जोर लावला. त्याआधी १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे सिनेमाच्या गाण्यांचा मालक निर्माताच, असं पक्कं झालं होतं. गीतकार-संगीतकार एकदाच पैसे घेऊन मोकळे. २०१२ नंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून सुद्धा सोडून देता येत नाही. कंपनीनं कितीही "सर्व हक्क आमचे" छापलं तरी गाणं पुढे वाजेल तिथला बरोबरीचा वाटा त्यांचा. गायकांनाही वेगळा हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांचे हे पैसे आयपीआरएस ही संस्था गोळा करते, २०१७ मध्ये तिची नव्या कायद्यानुसार नोंदणी झाली. तुम्ही स्वतः गाणी लिहीत असाल किंवा चाली बांधत असाल तर सभासद व्हा, हे मी प्रत्येक भागात सांगतो, आजही सांगतो.

आणि त्याच दुरुस्तीत एक छोटं कलम आहे, ६५ ब. गाण्याबरोबर असलेली हक्कांची माहिती, म्हणजे कोणी लिहिलं, कोणी गायलं, मालक कोण, ही परवानगीशिवाय मुद्दाम काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. लागू झालं जून २०१२ मध्ये. मी माझी बॅच फाईल चालवली मे २०१३ मध्ये. मोजा तुम्हीच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वर्षभरात ती पाटी उतरली. आता त्याच दुकानात मोबाईलचे कव्हर आणि काच बसवून मिळते. पण चोरी गेली नाही, तिनं जागा बदलली. यूट्यूबवरून गाणं ओढून एमपीथ्री करणाऱ्या साइट्स आहेत. आंतरराष्ट्रीय संघटना आयएफपीआयच्या २०१८ च्या पाहणीत ३२ टक्के लोक हे करत होते. पैसे न भरता प्रीमियम चालवणारी मोडून बनवलेली ॲपं आहेत. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे "नॉनस्टॉप" आणि "डीजे मिक्स" चॅनल. गावच्या गायकाचं गाणं घ्यायचं, खाली बीट टाकायचा, स्पीड जरा वाढवायचा, थंबनेलवर स्वतःचं नाव.

स्पीड का वाढवतात माहितीये? यूट्यूबकडे २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. ढोबळमानानं असं समजा: गाण्याच्या प्रत्येक क्षणी कोणत्या उंचीचे सूर किती जोरात आहेत याचा नकाशा काढायचा. त्यातली सगळ्यात उठून दिसणारी टोकं तेवढी ठेवायची, बाकी गाळायचं. टोकांमधली अंतरं हाच गाण्याचा अंगठा. शाझम ॲप साधारण याच कल्पनेवर गाणं ओळखतं. कोणी नवीन व्हिडिओ टाकला की त्याचा अंगठा साठ्याशी ताडून बघायचा. स्पीड आणि पट्टी बदलली की अंतरं बदलतात आणि कमकुवत यंत्रणा चकते. आता ती बरीच सुधारली आहे, पण डीजेवाल्यांची समजूत अजून तीच.

यात मेख अशी की साठ्यात तुमचा अंगठा आधी जमा पाहिजे. तो थेट जमा करायची सोय मोठ्या कंपन्यांना आहे. साध्या माणसाला डिस्ट्रिब्युटरमार्फत जावं लागतं. आणि यंत्राला खरा मालक कळत नाही, आधी कोण आलं तेवढं कळतं.

२०२१ मध्ये लॉकडाऊनमध्ये मी गावी होतो. कार्यक्रम बंद, मामा घरी बसून. मी म्हटलं, मामा, तुमची आठ गाणी आपण नीट यूट्यूबवर टाकू. सीडीवरून गाणी काढली, टाकली, आणि तासाभरात तिसऱ्या गाण्यावर दावा आला. कुठल्यातरी नॉनस्टॉप अल्बमवाल्यानं ते आधीच डिस्ट्रिब्युटरमार्फत स्वतःच्या नावावर चढवलं होतं. यूट्यूबच्या हिशोबात मामा स्वतःच्याच गाण्याचे चोर ठरले. त्या अल्बमची एक जुनी फाईल मी कुठून तरी मिळवली आणि उघडून बघितली. गायकाच्या रकान्यात आमच्या चिखलीच्या दुकानाचं नाव, शेवटचे दोन आकडे तुटलेला मोबाईल नंबर. आठ वर्षं फिरून माझीच फाईल माझ्याकडे आली होती. त्या रात्री मामांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "वीस रुपयांतले तुला किती भेटत होते?" मी म्हटलं, रोजचे पन्नास. "बरं," म्हणाले, आणि झोपायला गेले.

दाव्यावर हरकत घ्यायला पुरावा लागतो. कंपनी बंद पडलेली, कराराची आमची प्रत उंदरांनी खाल्लेली. कामाला आलं ते सीडीचं कव्हर आणि अकोल्याच्या स्टुडिओचं बिल. मामींनी ते पेटीत लग्नपत्रिकांबरोबर जपून ठेवलं होतं. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्यानं उत्तर दिलं नाही, दावा सुटला. नंतर आम्ही स्टुडिओत नाही, घरीच मामांच्या वहीतली दोन नवीन गाणी रेकॉर्ड केली आणि या वेळी सगळं रीतसर केलं: डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर, आयपीआरएसचा अर्ज. आजवर जमलेले पैसे स्टुडिओच्या त्या जुन्या बिलाच्या निम्मे पण नाहीत. सुपाऱ्या मात्र परत सुरू झाल्यात, कारण व्हिडिओखाली नंबर मामांचा आहे.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्याकडे वऱ्हाडातल्या गायकांच्या जुन्या कॅसेट-सीडी असतील, तर आतलं कव्हर फेकू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, आणि गायक हयात असेल तर त्यांना पाठवा. गाणं कुठेही मिळेल, पण ते कोणाचं हे सांगणारा कागद बऱ्याचदा तेवढाच असतो. तोही पूर्ण नसतो. मामांच्या कव्हरवर गायक आहे, गीतकार आहे, कंपनी आहे, स्टुडिओ आहे. फॉर्म भरताना "वादक" असा रकाना आला. कीबोर्डवाल्याचं नाव मामांना आठवलं. ढोलकी त्या तीन दिवसांत नेहमीच्या माणसानं नव्हती वाजवली, तो आजारी होता. दुसरा कोणी जालन्याकडून आला होता. तिसऱ्या गाण्यात सुरुवातीला जो ढोलकीचा तुकडा आहे, ज्यावर ते डीजेवाले मिक्स करतात, तो त्याचा. त्याचा रकाना अजून रिकामा आहे. जालन्याकडचं कोणी ऐकत असेल आणि २०१२ मध्ये अकोल्याला जाऊन आलेला ढोलकीवाला ओळखीचा असेल, तर कळवा.

भेटू पुढच्या भागात.